मिलिंदचं मशीन

आमच्या कारखान्यात दोन गोष्टी रोज साठतात. रेक्झिनच्या चिंध्या आणि किस्से. चिंध्या संध्याकाळी झाडून टाकता येतात. किस्से मात्र दुसऱ्या दिवशी चहाबरोबर परत निघतात, आणि आदल्या दिवसापेक्षा थोडे फुगलेले असतात. मी कमी बोलतो, म्हणून माझ्याकडे जास्त साठले. त्यातले थोडे सांगतो.

कारखाना म्हणजे काशीमीऱ्याला हायवेला लागून एक गाळा. ट्रकच्या सीटा शिवतो आम्ही. मालक जयेशभाई. फोम कापायला इरफान, शिवलेलं कव्हर फ्रेमवर चढवायला समुद्रकाठच्या पालीचा इनास, आणि मशीनवर माझा मुलगा मिलिंद. त्याच्याआधी तिथं मीच होतो. डोळे थकले तसं मशीन त्याच्या हाती दिलं आणि घरी बसलो.

मग त्याच्या किडन्या गेल्या. डायलिसिस सुरू झालं, तसा मी जाड भिंगाचा चष्मा करून पुन्हा त्या स्टुलावर येऊन बसलो. मशीन रिकामं दिसलं की मालक दुसरा माणूस बघणारच, त्यात त्याची चूक नाही. शेवटी मिलिंदला त्याच्या आईनं, म्हणजे कमलनं, आपली एक किडनी दिली. काही महिन्यांनी डॉक्टरांनी कामावर जायला हो म्हटलं.

मिलिंद आला. पण मशीनवर नाही. जयेशभाई म्हणाले, "काका, मशीन अभी तुम संभालो. याला हलकं काम देऊ." हलकं काम म्हणजे स्टिअरिंगची कव्हरं आणि केबिनच्या झालरी. मिलिंदनं झालरीचं कापड मांडीवर घेतलं. मशीनकडे बघत सुई ओवत बसला. मी त्याच्या जागेवर, आणि मला ती जागा टोचतेय, असे ते दिवस.

*

धूळ टाळा, मास्क लावा, खोकणाऱ्या माणसापासून लांब राहा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जयेशभाईंनी सगळ्यांनाच मास्क आणले. फोम कापायचं काम गाळ्याच्या मागं नेलं.

दुपारी ओळखीचा एक ड्रायव्हर आला. आमची सगळ्यांची तोंडं बांधलेली बघून बाहेरच थांबला. "क्या हुआ भाई? फिर से कोरोना आया क्या?"

इरफान म्हणाला, "नहीं उस्ताद. हमारे यहाँ किडनी आयी है."

ड्रायव्हरनं चपला दारात काढल्या आणि हळूच आत आला, कोणाच्या घरी बाळ बघायला यावं तसा.

*

डायलिसिसवर असताना मिलिंदला पाणी मोजून मिळायचं. भर उन्हाळ्यात बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसायचा. आता डॉक्टर म्हणाले, भरपूर प्या. हे इरफाननं मनावर घेतलं. कमल घरून उकळलेल्या पाण्याच्या बाटल्या देई, आणि इरफान सारखा एकेक पुढं करी.

पाणी गेलं की पाणी येणारच. मिलिंद उठला की इरफान हातातली सुरी खाली ठेवायचा. परत आला की विचारायचा, "हुआ?"

"हुआ."

"अच्छे से?"

"अरे, आता काय फोटो काढून आणू?"

एकदा एक ट्रान्सपोर्टवाला शेठ मिलिंदला भेटायला आला. इरफाननं खुर्ची पुसून दिली आणि म्हणाला, "बैठिये शेठ. बाथरूम गये हैं." कलेक्टर साहेब मीटिंगमध्ये आहेत असं सांगावं, तशा आवाजात. शेठही आपोआप सरळ बसला. "हां हां," म्हणाला, "उनको बोलो आराम से."

*

इनासचं दुःख निराळं होतं. मीठ कमी करायचं म्हणून लोणचं बंद, पापड बंद, सुकी मासळी बंद. पालीच्या माणसाला हे घरच्या पाहुण्याला दारातून परत पाठवल्यासारखं वाटलं.

"काका, आमच्या बोंबलाला मीठ लावीत न्हाय. दोरीवर टांगतात, ऊन लागते, वारा लागते. मीठ हाय कुठं त्याच्यात?"

पुढच्या तपासणीला मिलिंदनं आहार सांगणाऱ्या बाईंना विचारलं. मीठ न लावलेला असेल, स्वच्छ धुऊन चांगला शिजवलेला असेल, तर कधीतरी एखादा तुकडा चालेल, असं त्या म्हणाल्या. इनासनं त्यातलं 'चालेल' तेवढं उचललं.

दुसऱ्या दिवशी तो जयेशभाईंसमोर पुडकं घेऊन उभा. जयेशभाई कांदासुद्धा खात नाहीत. "शेठ, मोठ्या हॉस्पिटलनं आमचा बोंबील पास केला. तुमी पण घ्या."

जयेशभाई दोन पावलं मागं सरकले. "माझ्या किडन्या चांगल्या आहेत रे बाबा."

*

जड उचलायची मिलिंदला मनाई होती. आमच्या लोकांनी 'जड' हा शब्द गाळून टाकला. तो कात्री उचलायला गेला तरी कोणीतरी धावायचं. एकदा दोऱ्याचं रीळ खाली पडलं. तो वाकला आणि तिघं एकदम ओरडले, "राहू दे."

तो तसाच वाकलेला थांबला. मग रीळ घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आईनं मला किडनी दिली ती शोकेसमध्ये ठेवायला का?"

जयेशभाईंनी मान खाली घालून बिल लिहायला घेतलं, पण पेन काही चाललं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याजवळ आले. "काका, तुमचा चष्मा कुठंय?"

"डोळ्यावर आहे."

"नाही. मला वाटतं, तुम्ही आज घरी विसरून आलात."

मी त्यांच्याकडे बघितलं. मग चष्मा काढून खिशात ठेवला आणि स्टुलावरून उठलो.

*

त्या दिवशी राजस्थानच्या एका ट्रकची सीट होती. मिलिंद मशीनवर बसला, मास्क नीट केला, पायानं एकदा सहज मशीन चालवून आवाज ऐकला. मी शेजारी बसून शिवणीचे लोंबते धागे कापत होतो. त्याची शिवण माझ्यापेक्षा सरळ येते, हे मी कधी त्याला सांगितलं नाही. इथं लिहितो.

आमच्याकडं एक रीत आहे. सीट गाडीत बसवली की आधी शिवणारा तिच्यावर बसणार, मग ड्रायव्हर. शिवणाऱ्याला टोचली तर तिथल्या तिथं उसवायची. ड्रायव्हर लोकांना हे माहीत आहे, ते खाली थांबतात.

सीट बसली. तेवढ्यात कमल आली. एरवी आम्ही डबे सकाळी नेतो, त्या दिवशी मिलिंदनं तिला फोन करून दुपारी बोलावलं होतं. एका हातात त्याचा कमी मिठाचा डबा, दुसऱ्या हातात माझा तिखटाचा.

मिलिंदनं दोन्ही डबे तिच्याकडून घेतले. "आई, वर चढ."

"मी कशाला?"

"चढ तर."

ड्रायव्हर म्हणाला, "भाई, सिलाई तो तुमने की है. पहले तुम बैठोगे ना?"

मिलिंदनं नुसती मान हलवली. इनासनं स्टूल लावलं. कमल पदर खोचून केबिनमध्ये चढली आणि सीटवर बसली. थोडी हलून बघितलं. शिवणीवरून हात फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तांदूळ निवडताना फिरवते तसा सावकाश. आम्ही सगळे खालून वर बघत होतो.

"सगळं तूच शिवलंस?"

"मीच."

"यांनी हात नाही लावला?"

"धागे कापले फक्त."

तिनं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. मग खिडकीतून वाकून मला म्हणाली,

"अहो, उद्यापासून मी एकच डबा भरणार. तुम्ही घरीच जेवा."