पेठच्या अण्णांची लाकडी भुई

आळेफाट्याला फरशीचं दुकान टाकलं की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. गिऱ्हाईक येतं, चहा पितं, सँपल बघतं, घेतो-सांगतो म्हणून निघून जातं आणि किस्सा मागे ठेवतं. माझ्याकडे आणि फिटर दत्तूकडे असे पोत्यानं पडलेत. बहुतेक हसायचे आहेत. पेठच्या सोपानअण्णांचे मात्र नुसते हसायचे नाहीत.

*

अण्णा पहिल्यांदा आले ते चपला दारात काढून. म्हटलं, "अण्णा, राहू द्या की, दुकान आहे." त्यांनी ऐकलं नाही. लाकडाचं सँपल सगळे हातानं बघतात, हे जमिनीवर मांडून त्यावर अनवाणी उभे राहायला लागले. एकावर एक मिनिट, दुसऱ्यावर एक मिनिट.

"मंडळीला बसवायचंय खाली," म्हणाले. "जल्मभर भुईवर बसली. निवडणं, टिपणं, लसूण सोलणं, समदं खालीच. आता दुखण्यानं पलंगाला खिळली. टाइल लई गार लागती तिला. डॉक्टर म्हणला, घरी न्या, आन् काय हवं-नको ते बघा. तिला खाली बसायचं हवंय."

त्यांच्या बायकोचं, कौसाकाकूंचं, दुखणं कुठवर आलंय, ते त्यात आलं. 

*

मग मी लाकडी फरशीचे दोन्ही प्रकार समजावले. सॉलिड म्हणजे आरपार एकच लाकूड. इंजिनिअर्ड म्हणजे वर चांगल्या लाकडाचा पातळ थर, खाली प्लाय.

अण्णा म्हणाले, "म्हंजे वरून सागवान, आतून पलाय. आमच्या जावयासारखं."

दत्तू चहा सांडेपर्यंत हसला. मी म्हटलं, "अण्णा, जावई राहू द्या. सॉलिड आधी पंधरा-वीस दिवस त्या खोलीतच पडू द्यावं लागतं. तिथली हवा त्याला मानवली पाहिजे, नाहीतर बसवल्यावर फुगतं. इंजिनिअर्ड उद्या आणा, परवा काकूंना बसवा."

दुसरं कुणी असतं तर तिथंच ठरलं असतं. अण्णा "बघतो" म्हणाले आणि एस्टीनं परत गेले.

*

त्यानंतर ते येतच राहिले. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसायचे, ठरवायचे काहीच नाहीत. एकदा ते बसलेले असताना डिंभ्याकडच्या एका गुरुजींचा फोन आला. आम्ही नुकतंच त्यांच्या हॉलमध्ये इंजिनिअर्ड बसवलं होतं. घरात सत्यनारायण निघाला, आणि गुरुजींच्या आईनं पहाटे उठून सगळा हॉल शेणानं सारवून काढला. दत्तू फोनवर ओरडला, तर म्हातारीनं फोन घेतला आणि त्यालाच झाडलं, "मग देवाला काय न सारवलेल्या जागी बसवू व्हय रं?"

आम्ही पोट धरून हसलो. अण्णाही हसले, मग हसता हसता थांबले.

"आमची बी सारवायची," म्हणाले. "लई सुरेख हात व्हता."

*

शेवटी एक दिवस आले आणि म्हणाले, "सॉलिड द्या."

मी म्हटलं, "अण्णा, वेळ लागेल हो."

"लागू द्या."

"अहो, पण काकूंना..."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "भाऊ, लगेच बसणारं नेलं तर तिला कळंल ना, घाई कशाची ती."

मी बिल करायला घेतलं. दत्तू माल काढायच्या निमित्तानं मागं गेला तो बराच वेळ आला नाही.

*

लाकूड पेठला पोचलं. दत्तूनं काकूंच्या खोलीत पलंगाशेजारी नीट थप्पी लावली. दुसऱ्या दिवशी भावकीतले एक आबा काकूंना भेटायला आले. त्यांनी थप्पी बघितली, पलंगावर काकू बघितल्या, आणि अण्णांना दारात ओढून नेऊन म्हणाले, "सोपाना, आरं लाकडं इतक्यात कशाला आणून ठेवली? आन् आणली ती आणली, तिच्या डोळ्याम्होरं?"

हळू बोलले होते, पण काकूंना ऐकू गेलं. घरात सगळ्यांना घाम फुटला. काकू मात्र खोकला लागेपर्यंत हसल्या.

"आबा," म्हणाल्या, "एवढ्या गुळगुळीत लाकडावर मी न्हाई जायची. मला आपली बाभूळच बरी."

अण्णा परसात जाऊन तोंड धुऊन आले.

*

लाकूड कितपत मानवलंय ते बघायला दत्तू मध्ये एकदा गेला. काकू म्हणाल्या, "दत्तू, ह्याला पॉलिश परत कवा मारायचं रं?"

"दहा वर्षांनी, काकू."

अण्णा उशाशी बसले होते. काकूंनी त्यांच्याकडं बघितलं नाही. दत्तूलाच म्हणाल्या, "मंग तवा यायचं बरं का. इसरशील, म्हणून आत्ताच सांगती."

अण्णा पाणी आणायला उठले, तेव्हा काकूंनी दत्तूचा हात धरला. "त्यांना वाटतंय, मला कळत न्हाई. वाटू दे."

दत्तू मला हे सांगताना रडला. मीही.

*

आणि हा शेवटचा. सकाळी शटर उघडत होतो तर अण्णांचा फोन. आवाज अगदी साधा.

"दत्तू हाय का? त्याला म्हणावं, ये. लाकूड मानवू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. समदी खोली नको, चार पट्ट्या नुसत्या जोडून दे. तिला खाली घ्यायचंय. भावकी घाई करतीय, पर मी थांबवलंय. टाइल गार हाय."

नारायणगाव, मंचर, पेठ. गाडीत आम्ही दोघंच. ओटा माणसांनी भरला होता. काकू पलंगावरच होत्या, डोळे कुणीतरी मिटवलेले, पायावर गोधडी. दत्तूनं थप्पी सोडली, पट्ट्यांच्या खाचा पुसल्या आणि सवयीनं टेप काढली. आजवर त्यानं खोल्या मापल्या होत्या. टेप तशीच हातात धरून पलंगाकडं बघत राहिला, मग खिशात घातली.

"अण्णा," म्हणाला, "काकूंची उंची किती?"

अण्णा उभे राहिले. आपल्या खांद्याच्या जरा खाली त्यांनी तळहात आडवा धरला.

"माझ्या हितवर येती," म्हणाले.