शेजारची सीट

नवी स्पोर्ट्स कार घेतलेला माणूस ओळखायला मिलीमीटरबाईंना गाडी बघावी लागत नाही. तो वर्कशॉपच्या दारातून आत येताना एकदा मागे वळून बघतो, चार पावलं टाकतो, पुन्हा बघतो. गाडी जागेवर आहे ना! मग फोन काढून फोटो दाखवायला लागतो. ही रुंद चाकं हवीत, मागे डिकीवर हा पंख हवा, गाडी जमिनीला टेकेल एवढी खाली बसवायची, आणि आवाज असा हवा की गल्लीतली कुत्री उठून बसली पाहिजेत. बाई सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मग विचारतात, शेजारी कोण बसतं?

माणूस गोंधळतो. त्याला वाटतं, बाईंनी ऐकलंच नाही. पण बाईंनी चांगलं ऐकलेलं असतं, आणि उत्तर मिळाल्याशिवाय त्या पान्याला हात लावत नाहीत. पूर्वी हा प्रश्न त्यांच्याकडे नव्हता. तो कुठून आला, तेवढंच सांगायचंय.

बाईंचं वय बावन्न. त्यातली सव्वीस वर्षं चाकांचं अलाइनमेंट आणि गाडीचं सस्पेन्शन करण्यात गेली. आल्या होत्या पत्रं टाइप करायला. पण अलाइनमेंटच्या मशीनबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक कोणी उघडलेलंच नव्हतं. बाईंनी जेवणाच्या सुट्टीत ते वाचून काढलं आणि एक दिवस मालकाला सांगितलं की तुमचं मशीनच वाकडं बसवलंय. मालकाने आधी हसून घेतलं, मग मोजून बघितलं, आणि बाईंचा टाइपरायटर सुटला तो कायमचा. पुढे मालक थकला आणि वर्कशॉप बाईंकडे आलं. 'साधारण एवढं' असं कोणी म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते. साधारण म्हणजे किती मिलीमीटर? नाव पडलं ते असं.

त्यांचा सल्ला ठरलेला होता आणि तो देताना त्या कोणाची भीडभाड ठेवत नसत. हजार किलोमीटर होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. कंपनीने काय दिलंय ते कळू तर दे, मग बदल. त्यानंतरही हात शिवशिवत असतील तर आधी चांगले टायर, मग ब्रेक. मग एक दिवस बंद ट्रॅकवर जाऊन चालवायला शीक, कारण गाडीतला सगळ्यात ढिला पार्ट स्टिअरिंगच्या मागे बसलेला असतो. इंजिनाच्या कॉम्प्युटरला डिवचायचं असेल तर वॉरंटीचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच आणि विमावाल्याला कळव. आणि जे काढशील ते फेकू नकोस. बाईंच्या माळ्यावर काढलेला माल फडक्यात गुंडाळून, गाडीचा नंबर आणि तारखेची चिठ्ठी बांधून ठेवलेला असे. लोक म्हणत, बाईंना काही टाकवत नाही. म्हणू देत.

तर, बाईंच्या भाऊजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्याने, साठाव्या वर्षी स्पोर्ट्स कार घेतली. गडद निळी, दोनच सीटची. भाऊजी दातांचे डॉक्टर. आयुष्यभर लोकांच्या तोंडात बघून झालं, आता जरा रस्ता बघतो म्हणाले. घरच्यांनी तोंडात बोटं घातली.

पण त्या गाडीने एक गोष्ट केली, जी दीड वर्षात कोणाला जमली नव्हती. ताईच्या पाठीचं ऑपरेशन झाल्यापासून तिचं जग पलंग ते बाल्कनीतली खुर्ची एवढंच उरलं होतं. बस नको, टॅक्सी नको, कोणाची मोठी गाडी नको. दहा मिनिटांत कळ यायची. मी आता अशीच, असं ती म्हणायला लागली होती, आणि बाईंना तेच ऐकवत नसे. आई लवकर गेली, तेव्हा नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या या बहिणीनेच त्यांच्या वेण्या घातल्या होत्या, शाळेच्या डायरीत पालकांच्या जागी सह्या केल्या होत्या. अशी ताई खुर्चीत विझत चाललेली बघायची म्हणजे काय!

त्या खुज्या गाडीत ताईला बसवणं हा एक कार्यक्रमच होता. आधी टेकायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे, भाऊजींचा हात तिच्या डोक्यावर. पण एकदा बसली की त्या सीटने तिची पाठ दोन्ही बाजूंनी धरली. कमरेमागे छोटी उशी ठेवली की झालं. पहिल्या रविवारी अर्धा तास. तिसऱ्या रविवारी तळ्यापर्यंत जाऊन परत. घरी आल्याआल्या ताईने फोन केला आणि सांगितलं, मी आज सव्वा तास बसले. बाई फोन ठेवून वर्कशॉपच्या मागच्या बाजूला गेल्या आणि पोटभर रडल्या.

हजार किलोमीटर झाल्याबरोबर भाऊजी हजर. एक हजार चार, मोजून. त्यांनाही सगळं हवं होतं. गाडी खाली, इंजिनाची ताकद वर, सायलेन्सर दणदणीत. बाईंनी विचारलं, चांगल्या दाताला तुम्ही ड्रिल लावता का? भाऊजींच्या यादीतून सायलेन्सर गेला, इंजिन गेलं.

इथे थांबल्या असत्या तर ही गोष्टच झाली नसती. पण गाडी चालवून बघताना वळणावर ती किंचित कलते हे बाईंना जाणवलं, आणि मग त्यांचेच हात शिवशिवायला लागले. मेव्हण्याची गाडी, आणि ती आपल्या नजरेसमोर कलणार? त्यांनी आपणहून कडक स्प्रिंग सुचवल्या, नवे शॉकअप सुचवले, गाडी पंधरा मिलीमीटर खाली घेतली. तीन दिवस दुसरं काम घेतलं नाही. गाडी वळणावर अशी वळली की भाऊजी लहान मुलासारखे हसले. बाई आठवडाभर हवेत होत्या.

मग पाच आठवडे गेले. टायर तपासायला भाऊजी गाडी घेऊन आले. बाईंनी शेजारचं दार उघडलं, तर सीटवर दातांच्या साच्यांचा खोका आणि ताईची उशी खाली पायाशी.

"कंटाळली गं ती," भाऊजी म्हणाले. "आज ऊन आहे म्हणते, आज फोन येणार आहे म्हणते. मीही आग्रह सोडला."

बाईंनी खोका मागे सरकवला, उशी झटकली आणि त्या सीटवर स्वतः बसल्या. म्हणाल्या, घरी चला, तुम्ही चालवा.

सव्वीस वर्षांत त्यांनी प्रत्येक गाडी स्टिअरिंग हातात धरून तपासली होती. स्टिअरिंग हातात असलं की डोळ्यांना खड्डा आधी दिसतो आणि अंग आपोआप सावरतं. शेजारी बसलेल्याला कोणी सांगत नाही. तिथे दणका न विचारता येतो, आणि थेट माकडहाडात. पुलावरच्या तिसऱ्या सांध्याला बाईंनी दाराची मूठ धरली. भाऊजी मात्र बोलतच होते, पकड काय आहे बघ, वळण काय घेते बघ! बाईंनी घराच्या फाटकापर्यंत अकरा दणके मोजले, आणि त्यांची पाठ तर धडधाकट होती.

ताई बाल्कनीतल्या खुर्चीत होती. बाईंनी आडवळण न घेता विचारलं, गाडीत लागतं का? ताईने आधी उन्हाचं सांगितलं, मग फोनचं. मग खाली बघितलं.

"लागतं गं. घरी आले की दोन दिवस कूस बदलता येत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पाऊण तास फोनवर त्या स्प्रिंगचं कौतुक सांगत होतीस, धाकटे. इतक्या हौसेने केलेलं. मी कशी सांगू, मला नको म्हणून?"

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिच्यासाठी जीव टाकायचा, तिलाच आपण पुन्हा खुर्चीत नेऊन बसवलं, आणि तेही आपल्या कौशल्याने. भाऊजी दारात किल्ली घेऊन उभे होते. दिवसातून तीस वेळा 'दुखतंय का?' विचारणाऱ्या या माणसाने घरात एकदाही विचारलं नव्हतं. ते एवढंच म्हणाले, "काढ ते सगळं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लिफ्टवर चढली. माळ्यावरून जुन्या स्प्रिंग आल्या, फडकं सुटलं, एकेक आपल्या जागी बसली. कडक स्प्रिंग गुंडाळताना बाईंनी चिठ्ठीवर नंबर आणि तारीख लिहिली. खाली लिहिलं, 'शेजारी विचारलं नाही.' ती चिठ्ठी अजून माळ्यावर आहे.

दुपारी त्या गाडी घेऊन ताईच्या दारात गेल्या. भाऊजींना फुटपाथवरच ठेवलं, आज मी चालवणार म्हणाल्या. ताई आधी टेकली, मग दोन्ही पाय एकदम आत. पुलावर बाईंनी गाडी गोगलगायीसारखी नेली. पहिल्या सांध्याला विचारलं, लागलं? दुसऱ्याला विचारलं, लागलं? मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. तिसऱ्या सांध्याआधी त्यांनी पुन्हा मान वळवली.

"धाकटे, समोर बघ," ताई म्हणाली. "आणि जरा जोरात घे, तळं बंद व्हायच्या आधी पोचू दे."

तळं काही बंद होत नसतं. पण बाईंनी गाडी जोरात घेतली. भाऊजी दोन तास फाटकाशी उभे होते.