कुत्रा माझा नव्हता

जर्मनीत रेगेन्सबर्गला आमच्या घरमालकीणबाई खालच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वय पंचाहत्तरीच्या पुढे, नवरा जाऊन फार दिवस झालेले नव्हते, आणि सोबतीला एक तपकिरी, आखूड पायांचा, कुठल्याच जातीत न बसणारा कुत्रा. नोव्हेंबरात त्या तळघराच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि त्यांचा खुबा मोडला. हॉस्पिटलमधून त्यांनी माझ्या बायकोला फोन केला. आधी ऑपरेशन, मग रेहा, म्हणजे पुन्हा चालायला शिकवतात त्या केंद्रात काही आठवडे. मुलगी लांब उत्तरेला राहणारी. कुत्र्याला कोणी सांभाळलं नाही तर प्राण्यांच्या निवाऱ्यात टाकावं लागेल, असं त्या रडवेल्या आवाजात सांगत होत्या.

मला तेव्हा जर्मन निम्मंच कळायचं. पण बायकोने फोनवर दिलेलं उत्तर नीट कळलं. "माझा नवरा करेल. तो घरीच असतो."

वाक्य खरं होतं. बायको विद्यापीठात संशोधनाला आली होती आणि तिच्या मागोमाग मी. नागपूरला हिंगण्याच्या एमआयडीसीत मी प्रॉडक्शन बघायचो, हाताखाली माणसं होती. इथे माझ्या व्हिसावर छापलेलं होतं की या माणसाला काम करायची परवानगी नाही. परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन मी पुन्हा पुन्हा विचारलं. टेबलामागच्या बाईंनी प्रत्येक वेळी त्याच छापील ओळीवर बोट ठेवलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं. शहराबाहेर मोटारींचा मोठा कारखाना होता. शिफ्ट सुटली की कामगारांच्या बसगाड्या आमच्या रस्त्यावरून जायच्या. मी वरच्या खिडकीत उभा राहून त्या बघायचो. त्या गेल्या की रस्त्यावर बघण्यासारखं काही उरायचं नाही. घरात मिक्सर लावायचा तरी आधी घड्याळ बघावं लागे, कारण दुपारी शांततेची वेळ. हिवाळ्यात साडेचारला अंधार. बायको यायची सातला, थकून. तोवर मी पोळ्या करून ठेवलेल्या असायच्या.

तर असा मी, आणि आता हा कुत्रा.

पहिल्याच सकाळी त्याला घेऊन डोनाऊ नदीच्या काठाने निघालो. खिशात घरमालकीणबाईंच्या दारामागची काळ्या पिशव्यांची गुंडाळी होती. तिथे ज्याच्या हातात पट्टा, त्यानेच उचलायचं असतं. मी मनाची तयारी केली होती. कुत्रा गवतात बसला, उठला, गर्रकन वळला आणि मी पिशवी उघडेपर्यंत आपलीच विष्ठा खाऊ लागला. मला क्षणभर कळेचना की मी काय बघतोय. मी मराठीत ओरडलो आणि पट्टा खेचला. त्याने माझ्याकडे बघत बघत उरलेलं घाईने गिळलं आणि कान पाडून उभा राहिला.

संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच. रात्री तो खाली त्यांच्याच घरात झोपायचा. सकाळी मी दार उघडलं की कधीकधी फरशीवर नुसता ओला डाग असायचा आणि हा कपाटामागे. काय झालं असेल ते सांगायला कोणी लागत नव्हतं. त्याच तोंडाने तो माझा हात चाटायला यायचा. मी घरात आल्यावर कोपरापर्यंत हात धुवायचो. बायकोने भाजी वाढली की मला आधी ते गवत दिसायचं.

नदीकाठी भेटणाऱ्या एका आजोबांनी उपाय सांगितला. "अननस. जेवणात अननस घाला, मग त्याला त्याची चव आवडत नाही." मी डब्यातला अननस आणला. कुत्र्याने अननस खाल्ला आणि नंतर नेहमीचंही खाल्लं. मग मी जाळीचं मुसकं आणलं. त्याने मुसक्यासकट तोंड खुपसलं. जाळी बरबटली आणि ती धुवायचं एक काम वाढलं. मी जितका ओरडायचो तितका तो चपळ व्हायचा. पुढे पुढे तर तो बसल्या बसल्याच मागे मान वळवू लागला.

लोक बघायचे. सायकलवरून जाणारी एक बाई थांबून म्हणाली, कुत्र्यावर असं ओरडू नये. एवढं वाक्य मला समजलं. "या, या," म्हणजे हो, हो, एवढंच जर्मनमध्ये म्हणालो आणि खाली बघितलं. नागपूरला माझ्या आवाजावर अख्खी लाइन थांबायची.

आणखी एक गोष्ट होती, ती मी बायकोजवळही बोललो नव्हतो. माझे आजोबा गावात मेलेली ढोरं ओढायचे. निरोप आला की जायचं, नाही म्हणायची सोय नव्हती. धम्म घेतला तेव्हा आमच्या वस्तीने ठरवून ते काम सोडलं. गावाने वाट अडवली, मजुरी बंद केली, तरी कोणी पुन्हा हात लावला नाही. माझे वडील तेव्हा शाळेत होते. पुढे ते मास्तर झाले, इस्त्रीच्या शर्टाशिवाय कधी घराबाहेर पडले नाहीत. त्यांनी मला इंजिनियर केलं. आणि मी जर्मनीत येऊन रोज वाकून दुसऱ्याच्या कुत्र्याची घाण उचलत होतो. रविवारी फोन केला की बाबा विचारायचे, "दिवसभर काय करून राहिला तू तिकडे?" मी सांगायचो, भाषा शिकतो आहे, लायब्ररीत जातो.

शेवटी एक दिवस कुत्र्याने पाणीही न पिता दिवसभर पडून काढला. मी घाबरलो. बाईंचा कुत्रा माझ्या हातात मेला तर, ही एकच भीती. बायकोकडून चार वाक्यं जर्मनमध्ये पाठ करून घेतली आणि त्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर माझ्याच वयाची बाई होती. तिने माझी पाठ केलेली वाक्यं शांतपणे ऐकली आणि मग सरळ इंग्रजीत बोलू लागली, तेव्हा मला खुर्चीत बसावंसं वाटलं. तिने पोट तपासलं, नमुना तपासला. जंत नव्हते, पचनही ठीक होतं. पोट थोडं बिघडलं होतं, ते दोन दिवसांत बरं होणार होतं.

"तो हे खातो तेव्हा तुम्ही काय करता?" तिने विचारलं.

"ओरडतो. धावत जातो."

"गेनाऊ, अगदी बरोबर," ती म्हणाली. "आणि त्याला काय वाटत असेल? एक तर तुम्हालाही ते हवंय, म्हणून लवकर संपवायचं. नाहीतर ते दिसलं की मार बसतो, म्हणून लवकर लपवायचं. याला आधी कोणी शिक्षा केली असावी. घरात घाण केली म्हणून. आणि हा दिवसभर एकटा असतो का?"

मी म्हणालो, "बंद घरात. एकटा."

तिने करायचं ते सांगितलं. ओरडणं पूर्ण बंद. फिरायला जास्त वेळा न्यायचं, पट्टा आखूड ठेवून जवळच उभं राहायचं. त्याचं झालं की त्याच क्षणी, तो वळायच्या आत, आनंदाच्या आवाजात हाक मारायची आणि त्याला त्याहून चांगलं काहीतरी खायला द्यायचं. तो तुमच्याकडे तोंड करून खात असताना मागचं शांतपणे उचलायचं. आणि त्याला एकटं कमी ठेवायचं. "तर, काही आठवडे लागतील," ती म्हणाली. "एकदा जरी त्याला ते मिळालं तरी तो पुन्हा आशेला लागतो."

म्हणजे मी आणखीच बांधला गेलो. आता कुत्रा दिवसा आमच्याकडे वर असायचा. सकाळ, जेवणानंतर, दुपार, संध्याकाळ, झोपायच्या आधी असं सगळं त्याच्या पोटाच्या वेळेवर चालायचं. बर्फ पडो, पाऊस पडो. भाषेचा वर्ग सकाळचा होता, तो सुटला. खिशात चीजचे तुकडे आणि काळ्या पिशव्या. मी त्याच्या शेपटीकडे डोळे लावून चालायचो. दुसरं काही बघायची सोय नव्हती.

त्याच दिवसांत एकदा नदीकाठी असताना मोबाइल वाजला. बाबांचा फोन. ते स्वतःहून फोन करत नसत, पण चुलत बहिणीचं लग्न ठरलं होतं. ते तारखेबद्दल बोलत असतानाच कुत्रा बसला. मी फोन कानाला तसाच ठेवून गोड आवाजात ओरडलो, "ये, ये, इकडे ये, शाबास."

"कोणाले बोलावून राहिला?" बाबांनी विचारलं.

मी खोटं बोलायला तोंड उघडलं, पण त्या वेळी मी एका हाताने पिशवी उलटी करून वाकलेला होतो आणि मला काही सुचलं नाही. मी सगळं सांगितलं.

मग बाबांनी विचारलं, "उचलायले कोणी सांगितलं तुले?"

"कोणी सांगितलं असं नाही, बाबा. इथे नियम आहे. सगळेच उचलतात."

"सगळे म्हणजे?"

"सगळे. प्रोफेसर, डॉक्टर, घरमालक. प्रत्येक जण आपापल्या कुत्र्याचं उचलतो."

"अच्छा," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज जरा सैल झाला. "हे बरं आहे. ज्याचं त्यानं." मग म्हणाले, "पण कुत्रा तर तुझा नाही नं?"

मी पिशवीला गाठ मारली. ते लग्नाच्या तारखेकडे वळले.

त्या संध्याकाळी बायको आल्या आल्या मी म्हणालो, "तू मला न विचारता हो का म्हणालीस?"

तिने अंगातला कोटही काढला नव्हता. "मला वाटलं, तुला बाहेर पडायला एक कारण होईल. तू दिवसभर खिडकीत उभा असतोस. मला लॅबमध्येसुद्धा ते दिसत राहतं."

"मला कारण नको होतं. मला विचारायला हवं होतं."

ती कोट घातलेलीच स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. तिचा करार वर्षावर्षाने वाढायचा, वाढेल की नाही ते शेवटच्या महिन्यात कळायचं. ती म्हणाली, "नागपूरला तुझं सगळं नीट चाललं होतं. मीच तुला इथे आणलं. आता मी तुला काही विचारायला घाबरते. तू नाही म्हणालास तर?" मग ती उठली, माझ्या जॅकेटमधून पिशव्या काढून घेतल्या आणि कुत्र्याला घेऊन खाली गेली. परत आल्यावर एवढंच म्हणाली, "तो माझ्याकडे आला नाही. खाल्लं त्याने. उद्यापासून सकाळचं मी करते, मला शिकव."

मी शिकवलं. हाक कुठल्या सुरात मारायची, चीज कुठे धरायचं. ती ओठ चावून शिकली. आमचं बोलणं तेव्हापासून थोडं मोकळं झालं, निदान कुत्र्याबद्दल तरी.

नाताळच्या आधी एका दुपारी कुत्रा बसला, उठला आणि मी हाक मारायच्या आत माझ्याकडे बघत पळत आला. मागे वळलाच नाही. मी त्याला उरलेलं सगळं चीज देऊन टाकलं. आजूबाजूला कोणी नव्हतं. मी त्या थंडीत गुडघ्यावर बसलो आणि त्याच्या मानेत हात घालून राहिलो. मला रडू येत होतं. त्यात आनंद किती होता आणि बाकीचं काय होतं, ते मला अजून सांगता येत नाही.

जानेवारीत घरमालकीणबाई कुबड्या घेऊन परत आल्या. कुत्रा त्यांच्यापुढे लोळला. मी मोडक्या जर्मनमध्ये त्यांना सगळं सांगितलं. त्या हसल्या. "तो तर पहिल्यापासून डुक्कर आहे. माझा नवरा त्याचं नाक त्यात घासायचा, तरी सुधारला नाही."

आठवड्याभरात खालून आवाज येऊ लागला. "प्फुई! प्फुई!" म्हणजे छी, छी, आणि कुबडी आपटल्याचा आवाज. मी वर टेबलाशी पुस्तक उघडून बसलेला. सकाळचा वर्ग पुन्हा सुरू केला होता. बाबांचं वाक्य आठवत होतं. कुत्रा माझा नाही, घर माझं नाही. मी पान उलटलं. पुन्हा कुबडी आपटली.

मी खाली गेलो. बाई दारातच म्हणाल्या, "बरं झालं आलात. आता तुम्हीच पुन्हा न्या त्याला. तुम्ही तर घरीच असता."

"नाही," मी म्हणालो. मग काय बोलायचं ते जुळवायला मला वेळ लागला आणि त्या थांबल्या. "मी घरी असतो, कारण मला काम करू देत नाहीत. मला आवडतं म्हणून नाही. कुत्रा तुमचा आहे. मागच्या बागेत तुम्ही त्याला हाक मारा. चीज तुम्ही द्या. तुम्हाला वाकता येत नाही तोवर उचलायला मी येईन. ओरडायचं मात्र नाही."

त्यांचा चेहरा लाल झाला. त्या घराच्या मालकीण होत्या आणि आम्ही भाडेकरू. मला वाटलं, आता घर सोडायला सांगतात. त्या म्हणाल्या, "चीज कुठलं?"

मार्चपर्यंत आम्ही असे रोज बागेत उभे राहिलो. त्या कुबडीवर रेलून बारीक आवाजात हाक मारायच्या, मी पिशवी घेऊन मागे. त्यांना आधी तो आवाज लावायला लाज वाटायची. मधल्या वेळात त्या माझं जर्मन दुरुस्त करायच्या, न विचारता, तोडून टाकल्यासारखं. मग त्यांनी लांब दांड्याचं फावडं मागवलं आणि एक दिवस म्हणाल्या, उद्यापासून तुम्ही नाही आलात तरी चालेल.

मला कामाचा परवाना मिळायला त्यानंतर वर्षाहून अधिक काळ गेला. त्या वर्षात खिडकी तीच होती, बसगाड्या त्याच होत्या. कुत्र्यामुळे माझी सुटका झाली असं मी कोणाला सांगत नाही, कारण झाली नाही. पुढे एका सुट्या भागांच्या कंपनीत काम मिळालं आणि आम्ही दुसऱ्या शहरात, झिंडेलफिंगेनला गेलो. निरोप घ्यायला खाली गेलो तेव्हा बाई बागेत होत्या. कुत्रा आपलं आटोपून त्यांच्याकडे धावत गेला, चीज खाल्लं आणि मग कुंपणाच्या फटीतून पलीकडे बघत बसला. पलीकडच्या वाटेने घोडे जायचे. घोड्याची लीद मात्र त्याने अजूनही सोडली नव्हती, असं बाई म्हणाल्या. तिच्यासाठी तो चीजसुद्धा नाकारायचा.