एका सेकंदाची दुरुस्ती

दहाव्याला कावळा शिवेना. नदीकाठी पिंड मांडून तास होत आला होता. माझ्या थोरल्या भावाने हात जोडून सांगितलं की आईला मी भद्रावतीला माझ्या क्वार्टरवर नेईन, तिला काही कमी पडू देणार नाही. कावळे समोरच्या बाभळीवर बसून होते, त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मग घरावर कौलं घालण्याचं आश्वासन झालं, चुलत बहिणीच्या लग्नाचं झालं. शेवटी उभं राहून हैराण झालेले काका माझ्याकडे वळून म्हणाले, "त्याचा जीव त्या कॅमेऱ्यात अटकला असंन. तू बोल."

मी कोरपन्याच्या एका कॉलेजात वाचनालय सांभाळतो. मोठ्याने बोलायची सवय नाही. पिंडाजवळ जाऊन हळू आवाजात म्हणालो, "बाबा, आईचा फोटो तुमच्याच कॅमेऱ्याने काढतो. शटर दुरुस्त करून."

दोन कावळे एकदम उतरले. सगळ्यांनी चपला घातल्या. मला शटर दुरुस्त करता येतं का, हे कोणीच विचारलं नाही.

बाबांचा मूल गावी, घरालाच लागून फोटो स्टुडिओ होता. आमच्याकडे धानाची कापणी उरकली की म्हातारी माणसं नवं धोतर, नवं लुगडं नेसून भिंतीवरचा फोटो काढून घ्यायला येत. मेल्यावर हार घालण्यासाठीचा फोटो, स्वतः जिवंत असताना, नीट बसून. बाबा तो तिपाईवरच्या लाकडी कॅमेऱ्याने काढत. कॅमेरा ट्रंकेएवढा. त्याच्या भिंगात बसवलेलं शटर मात्र तळहातात मावणारं, पितळी चक्रांचं. आईने कितीदा म्हटलं, माझाही एक काढून ठेवा. बाबा म्हणायचे, शटर अडकतंय, दुरुस्त झालं की काढू. गिऱ्हाइकांचं काम ते भिंगावरचं झाकण हाताने काढून-लावून भागवायचे. असं म्हणण्यात चाळीसेक वर्षं गेली आणि तेच गेले. त्यांचा स्वतःचाही फोटो नव्हता. हार घातलेला फोटो आम्ही आधार कार्डावरून मोठा करून आणला, त्यात ते एखाद्या गुन्ह्यात सापडल्यासारखे दिसतात.

तेरावं उरकून दादा भद्रावतीहून गाडी आणणार होता आणि चौदाव्या दिवशी आईला नेणार होता. आईने सांगून टाकलं होतं, फोटो झाल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही. म्हणजे माझ्याकडे चार दिवस होते.

मी बैठकीतल्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून शटर उघडलं. बैठकीत अशासाठी, की भेटायला येणाऱ्यांसमोर कोणीतरी बसणं भाग होतं. पुढचं भिंग फिरवून काढलं, कडं काढलं, वरची चकती उचलली. आत पितळ दिसायला हवं होतं. आत पिवळसर लाल चिखल होता. दर दसऱ्याला आई बाबांच्या हत्यारांची पूजा करायची. हळद, कुंकू, अक्षता, आणि वरून तेलाचं बोट. ती सगळी पूजा फटीफटीतून आत उतरून थराने बसली होती. सेकंदासारखे हळू वेग मोजणाऱ्या चक्रांमध्ये तर एक अख्खा तांदूळ रुतला होता.

तो मी चिमट्याने काढला तेव्हा बैठकीत पाच-सहा माणसं मान खाली घालून बसली होती. भेटायला आलेल्याने काय बोलावं हा प्रश्नच असतो. तांदळाने तो सुटला. राईस मिलवर जन्म घालवलेल्या एका नातेवाइकांनी बाबांचं भिंग डोळ्याला लावून तो दाणा उलटासुलटा पाहिला.

"लुचई नाई हा. चिन्नोर आहे."

दुसऱ्यांनी म्हटलं, हळदीच्या पाण्यात भिजल्यावर चिन्नोर ओळखणं देवालाही शक्य नाही. वाद वाढला. दाणा एका तळहातावरून दुसऱ्यावर गेला. बाबा गेल्यापासून त्या खोलीत पहिल्यांदा आवाज झाला होता आणि तो तांदळाच्या जातीवरून होता. निघताना ते नातेवाईक दारात थबकले, दुःखाचं काही बोलायचं राहिलं हे त्यांच्या लक्षात आलं असावं. "चिन्नोरच आहे," ते म्हणाले आणि गेले.

बाजारातल्या घड्याळवाल्या भाऊंनी मला पद्धत सांगितली होती. चक्रं पांढऱ्या पेट्रोलमध्ये बुडवून ब्रशने धुवायची. भिंगाआड उघडझाप करणारी पातळ पाती पुसून अगदी कोरडी ठेवायची, त्यांना तेल लावायचं नाही, लावलं की ती एकमेकींना चिकटतात. तेल फक्त चक्रांच्या टोकांना, तेही घड्याळाचं, सुईच्या अग्राने. मी तसंच केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी शटर बोललं. एक सेकंदावर ठेवून खटका दाबला की आतून भुंगा अडकल्यासारखा आवाज यायचा आणि पाती मिटायची. एक सेकंद मोजायला चार सेकंद लागत होते. भेटायला आलेली माणसं माना वर करून मोजायची. तेराव्यापर्यंत ते दीड सेकंदावर आलं आणि जेवणाच्या पंगतीत लोक एकमेकांना विचारू लागले, किती झालं?

त्या संध्याकाळी पाती पुन्हा चिकटली. शटर उघडलं तर पात्यांवर तेल, टोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं. थंडीत ते तुपासारखं थिजतं.

आई शांतपणे म्हणाली, "मीच टाकलं. कोरडं लोखंड पाहवत नाई मले."

"आई, पाती कोरडीच लागतात."

"तुया बापानं तं कधी नाई म्हटलं नाई."

नसेलच म्हटलं. बाबांना कुठल्याही गोष्टीला नाही म्हणताना मी ऐकलं नव्हतं. ते फक्त "नंतर" म्हणायचे. मी पुन्हा सगळं खोललं, धुतलं, पुसलं. एक काका सुचवत होते की पाती काढूनच टाक आणि भिंगावरचं झाकण हाताने काढून परत लाव. पण मी शब्द शटरसकट दिला होता.

चौदाव्या दिवशी सकाळी शटरने एक सेकंद एका सेकंदात मोजला. बाबांच्या कपाटात मुदत संपून कित्येक वर्षं झालेला फोटोच्या कागदाचा पुडा होता. फिल्मऐवजी तोच कापून कॅमेऱ्यात घातला. हा कागद मंद, त्याला सेकंदभर तरी उजेड लागतो. आईला अंगणात सावलीत बसवलं. तिने गुडघ्यांवर हात ठेवले आणि स्टुडिओत येणाऱ्या म्हाताऱ्यांसारखी समोर बघत बसली. खटका दाबला. भुंगा बोलला, थांबला. मी न्हाणीघरात लाल दिव्याखाली कागद धुतला, त्यावर उमटलेल्या उलट्या छबीवरून फोटो छापला.

कडेने थोडा धुरकट होता. पण आईच्या लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा, कानातली कुडी, हनुवटीवरचं गोंदण, सगळं सुईने काढल्यासारखं आलं होतं. बाबांच्या हातून याहून चांगला आला नसता. बाहेर दादाची गाडी येऊन उभी राहिली होती, पिशव्या डिकीत ठेवल्याचा आवाज आला.

आईने फोटो हातभर लांब धरून पाहिला. खूप वेळ.

"हलला हा," ती म्हणाली.

"कुठे?"

"मले दिसते ना. शटर अटकून राह्यलं अजून." तिने फोटो पालथा करून माझ्या हातात दिला. मग बैठकीकडे, स्टुडिओच्या दाराकडे नजर फिरवत म्हणाली, "पुन्हा खोला लागंन. तुयी रजा कवापर्यंत आहे?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिने पाहिलं नाही.

अंगणातून दादा विचारत होता, झालं का? मी फोटो एका जाड पुस्तकात सरकवला आणि बाहेर जाऊन सांगितलं की नाही झालं, शटर अजून अडकतंय. मी त्याच्याशी आयुष्यात फार खोटं बोललेलो नाही, त्यामुळे त्याने लगेच विश्वास ठेवला. किती दिवस, त्याने विचारलं. सांगता येत नाही, मी म्हटलं, सेकंदाचं काम आहे. त्याने डिकीतून पिशव्या काढून ओट्यावर ठेवल्या, आईच्या पाया पडला आणि गेला.

मी रजा वाढवायचा अर्ज लिहायला बसलो. कारणाची ओळ सुचेना. आई ओट्यावरच्या पिशव्या एकेक करून आत नेत होती.

"लिही ना," ती जाता जाता म्हणाली, "घरी काम निघालं म्हून."