भाऊंचं नमतं माप

आमच्या शेजारच्या भाऊंनी उभ्या आयुष्यात कुणालाही, अगदी चुकूनसुद्धा, कमी दिलं नाही. धान्यबाजारात ते मापाडी होते. तिथे मात्र काट्याची दांडी केसभरही इकडेतिकडे झुकत नसे, म्हणून शेतकरी आणि व्यापारी दोघेही त्यांच्यावर विश्वास ठेवायचे. दिवसभर असा आवरून धरलेला हात मेहरूणमधल्या आमच्या गल्लीत शिरला की मोकळा सुटायचा. आईने वाटीभर साखर मागितली, तर भाऊ ती शिगोशीग भरत, वर आणखी एक मूठ ओतत आणि स्वतः घेऊन येत. त्यांच्या दारापासून आमच्या दारापर्यंत मग दोन दिवस मुंग्यांची रांग असे. पाहुण्याच्या कपातला चहा बशीत उतरल्याशिवाय ते ओतणं थांबवत नसत. "माप कसं, नमतं पाहिजे," असं ते म्हणायचे, आणि वहिनी मुकाट्याने फडकं आणायच्या.

मी तेव्हा दहावीत होते आणि फारसं बोलत नसे. त्याची भाऊंना अडचण नव्हती, कारण माझ्या वाटचं तेच बोलून घेत. इंग्रजीत छापलेलं काहीही घरात आलं की खिडकीतून हाक यायची, "बेटी, हे काय म्हणतंय बघ!" औषधाच्या बाटलीपासून नव्या पंख्याच्या खोक्यापर्यंत सगळं मी त्यांना वाचून दाखवलं आहे. मी दोन वाक्यं वाचायची, आणि भाऊ सगळ्या गल्लीला त्याची दहा करून सांगायचे.

लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर भाऊ आणि वहिनींनी धुळ्याच्या एका संस्थेतून बारा दिवसांची मुलगी घरी आणली. पंधरा दिवसांनी संस्थेच्या बाई येऊन बाळ पाहणार, त्याची तब्येत ठीक असली तर पुढचे कागद होणार, असं ठरलं होतं. नसली तर काय, ते कुणी विचारलं नाही. वहिनींनी बाळाचं नाव ठरवलं होतं, पण बाई येऊन जाईपर्यंत ते मोठ्याने घेत नव्हत्या.

पहिल्याच दिवशी प्रश्न आला दुधाचा. भाऊंच्या आई म्हणाल्या, शेळीचं. समोरच्यांनी गाईचं सुचवलं, निम्मं पाणी घालून. पलीकडच्या खालाचा मुलगा पाच महिन्यांचा होता. ती सरळ म्हणाली, "मी पाजते हिला. माझा मुलगा हिचा दूधभाऊ होईल, बस." भाऊ लगेच काळजीत पडले, "आणि तुझ्या पोराला कमी पडलं तर?" खाला हसली, "भाऊ, हे काट्यावरचं पोतं नाही. पिणारे वाढले की दूधही वाढतं." डॉक्टरांनी गाय आणि शेळी दोन्ही रद्द केल्या. खालाची तब्येत तपासून, सकाळी एकदा तिने पाजायला त्यांनी हरकत घेतली नाही. बाकी वेळ डब्याचं दूध, उकळून निवलेल्या पाण्यात, वाटी-चमच्याने.

डब्यावरचं सगळं इंग्रजीत होतं. मी वाचलं, "एक सपाट चमचा पावडर. सुरीने वरचं काढून टाकायचं." भाऊंनी मान डोलावली, चमचा डब्यात बुडवला आणि वर काढला. त्यावर पावडरीचा डोंगर उभा होता. ती सुरी काही मला दिसली नाही. वीस वर्षं बाजारात मापं घालणाऱ्या माणसाला मी काय माप शिकवणार?

आठवड्याभरात बाळ किरकिरायला लागलं. पोट कडक, ओठ सुकलेले, दूध पिऊन झाल्याबरोबर पुन्हा रडं. "भूक शे तिले," भाऊंनी घरच्या बोलीत निदान केलं आणि डोंगर आणखी उंच केला. त्यांच्या आईंनी शेळीची चौकशी पुन्हा सुरू केली. बाईंचं येणं पाच दिवसांवर आलं होतं. वहिनी बाळाची छोटी झबली घडी करत होत्या, मोडत होत्या, परत घडी करत होत्या. मला ते बघवेना.

"भाऊ," मी खिडकीतून म्हणाले, "चमचा सपाट हवा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एवढ्या मोठ्याने मी कधी बोलले नव्हते.

"दूध घट्ट होतंय. भूक नाही, तिला तहान लागली असेल."

भाऊंचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी माझ्या पोरीलाच कमी मापू? आजवर कोनले कमी दिन्हं नही मी!"

पण वहिनी तोवर बाळ आणि डबा घेऊन दवाखान्याकडे निघाल्या होत्या. डॉक्टरांनी तपासलं, पावडर कशी घालता ते भाऊंना करून दाखवायला लावलं, आणि कपाळाला हात लावला. "भाऊ, ही ज्वारी आहे का? एवढ्याशा जिवाला असलं घट्ट दूध बाधतं. प्रेम करा, पण चमच्याबाहेर!"

त्या दिवसापासून भाऊ सुरीने चमचा सपाट करू लागले. कुणाचा तरी घास काढून घेतल्यासारखं ते डब्यात परत पडलेल्या पावडरीकडे बघायचे. पण तिसऱ्या दिवशी बाळ शांत झोपलं, आणि पाचव्या दिवशी धुळ्याच्या बाई आल्या. त्यांनी पिशवीतून काटा काढला, बाळाला झोळीत ठेवून तो उचलला. वीस वर्षं काट्यावर नजर ठेवून असलेले भाऊ भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

"छान भरलंय वजन," बाई म्हणाल्या. "आता कोर्टाचे कागद करू."

वहिनींनी तेव्हा पहिल्यांदा मोठ्याने हाक मारली, "रेवा!"

बाई गेल्यावर थोड्या वेळाने बाजारातून एक हमाल सायकल दामटत आला. लिलाव उरकला होता, पोती पडून होती, मापाडी कुठे? मी निरोप द्यायला गेले. भाऊ ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते आणि रेवा त्यांच्या छातीवर झोपली होती. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि इतक्या हळू आवाजात बोलले, की तो त्यांचाच आवाज आहे हे कळायला मला क्षणभर लागलं.

"त्यास्ले सांग, आज भाऊ काममा शे."