दादाची आणि तिसऱ्यांची मूत्रपिंडं

माझ्या मुलीने पीएच.डी. केली ती समुद्रातल्या शिंपल्यांवर. त्यांचं रक्त फिरतं कसं आणि अंगातली घाण बाहेर पडते कशी, हा विषय. त्यासाठी कोकणातल्या खाडीत गुडघाभर चिखलात उभी राहून तिने तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, गोळा केल्या. मी आयुष्यभर चाकणच्या कंपनीत पंप जोडले, म्हणून मला वाटलं, हे आपल्याला समजेल. तिने समजावलं, तिसरीच्या हृदयातून आरपार तिचं आतडं जातं. रक्त आधी हृदयाच्या भिंतीतूनच गाळलं जातं, आणि ते गाळलेलं पाणी मग मूत्रपिंडात उतरतं. असलं डिझाइन आमच्या क्वालिटीवाल्यांनी उभ्या उभ्या परत पाठवलं असतं, मी म्हणालो. ती हसली नाही.

काळेवाडीतल्या आमच्या नगरसेवक भाऊंनी अभिनंदनाचा फ्लेक्स लावायचं ठरवलं. विषय ऐकून ते अडखळले. "काका, उत्सर्जन वगैरे चौकात बरं नाही दिसत. हृदय आणि किडनी टाकू. शिंपले कशाला मधे?" फ्लेक्सवर मुलीपेक्षा भाऊंचा फोटो मोठा होता. तरी मी त्याखाली उभा राहून सेल्फी काढला, आणि तो भावकीच्या ग्रुपवर गेला.

पुढच्याच रविवारी गावाहून माझा थोरला भाऊ आला. हातात रिपोर्टची पिशवी, पाय इतके सुजलेले की चपलेचे पट्टे रुतले होते. दवाखान्याने डायलिसिस सांगितलं होतं.

"त्यांची मशिनं रिकामी पडत्यात, म्हणून सांगत्यात," दादा म्हणाला. "आता घरची पोर काय म्हणंल ते खरं."

मुलीने कागद नीट वाचले. "काका, मी माणसांची डॉक्टर नाही. पण हे मलाही दिसतंय. त्यांनी सांगितलंय ते उद्याच सुरू करा."

दादा हे ऐकायला आलाच नव्हता. त्याने चहाची बशी खाली ठेवली. "शिंपल्याला कुठं किडनी असती व्हय? आन् असली, तर त्याला कोण मशिनीवर निजवतंय?"

"असते काका. बिघडली तर तो मरतो."

"तुला शिंपल्याचंच कळायचं, पोरी. माणसाचं न्हाई."

"दादा, मी येतो उद्या बरोबर," मी म्हणालो.

"तू पंप जोड."

मग त्याने आळंदीकडच्या कुणा वैदूचा काढा सुरू केला. मी फोन केला की "पाय उतारल्यात" म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. श्वास लागला तेव्हा पोरांनी गाडीत घालून नेला. मशीनवर घेतलाही, पण फार उशीर झाला होता.

दशक्रियेला घाटावर भावकीतलं कुणीतरी, आम्हाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात बोललं, "घरात किडनीची डॉक्टर, आन् माणूस गेला."

वहिनी मुलीकडे बघून म्हणाली, "तू जोर लावून सांगाया पायजे हुतंस, बाय."

"हो काकू," मुलगी म्हणाली.

"सांगितलं होतं तिने," मी म्हणालो. "माझ्यासमोर सांगितलं होतं."

"आता बोलून काय हाय?" वहिनी म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलीनेसुद्धा.