मोकळा डावा हात

किंमत, मायलेज, सर्व्हिस सेंटर, सगळं लिहून मी उमरग्याच्या शोरूममध्ये गेले होते. ठरायचं होतं एवढंच, ऑटोमॅटिक कार की गिअरची. तिथं सत्तरीचे एक गृहस्थ ऑटोमॅटिक चालवून उतरले, डावा गुडघा चोळत.

"काका, हीच घ्या. क्लच नाही, गुडघ्याला आराम. डावा हातही मोकळा," सेल्समन म्हणाला.

"मोकळ्या हाताचं काय करू बाबा? गिअर टाकताना कोपर लागलं की आमची मंडळी खेकसायची, 'नीट चालवा की!' आता शेजारी कुणी न्हाय. हाताला काम तरी ऱ्हाऊ दे."

त्यांनी गिअरचीच घेतली. मी ऑटोमॅटिक घेतली.

लोहाऱ्याचा सरळ रस्ता लागला की माझा डावा हात आपोआप शेजारच्या सीटवर जातो. तिथं माझी पर्स असते.